शब्दचर्चा : अर्धायुष्य, सरासरी आयुष्य आणि क्षयरुंदी

प्रश्न : किरणोत्सारी समस्थानिकांविषयी लिहिताना ‘अर्धायुष्य’ आणि ‘सरासरी आयुष्य’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते समानार्थी आहेत का? शिवाय आयुष्याच्या चर्चेत ‘रुंदी’ कशी येते?

उत्तर : समानार्थी नाहीत, आणि ‘अर्धायुष्य’ म्हणजे सरासरी आयुष्याचा अर्धा भागही नव्हे. नमुन्यातील निम्म्या अणुकेंद्रांचा क्षय होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. सर्व अणुकेंद्रे जितका काळ टिकली त्याची सरासरी म्हणजे सरासरी आयुष्य. काही थोडी अणुकेंद्रे फार दीर्घकाळ टिकून ही सरासरी वर ओढतात, म्हणून ती अर्धायुष्याच्या सुमारे १.४४ पट भरते. थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८.०२ दिवस आहे, तर सरासरी आयुष्य सुमारे ११.६ दिवस, म्हणजे जवळजवळ १० लाख सेकंद. तेवढ्या काळानंतर मूळ साठ्याचा ३७ टक्के भाग शिल्लक असतो. ‘आयुष्य’ या शब्दाने मात्र एक चुकीची समजूत आपसूक येते, ती म्हणजे अणुकेंद्र म्हातारे होत असावे. तसे काही होत नाही. ११.६ दिवस टिकून राहिलेल्या आयोडीनच्या अणुकेंद्राचे त्यापुढचे अपेक्षित आयुष्यही ११.६ दिवसच असते.

‘रुंदी’ ही लांबीरुंदीतली नव्हे, ती ऊर्जेची आहे. जी अवस्था कायम टिकत नाही, तिची ऊर्जा एका नेमक्या आकड्यावर स्थिर नसते, थोडी पसरलेली असते. आयुष्य जितके कमी तितका हा पसारा मोठा. संक्षिप्त प्लांक स्थिरांकाला (प्लांक स्थिरांक भागिले २π) सरासरी आयुष्याने भागले की ऊर्जेचा हा पसारा, म्हणजेच क्षयरुंदी, मिळते. येथे अर्धायुष्य घालून चालत नाही, आणि विद्यार्थ्यांची गणिते बहुधा याच पायरीवर फसतात. आयोडीन-१३१ साठी हे उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणुपातळीवरील ऊर्जेच्या एककाच्या) अब्जांशाच्या अब्जांशाहूनही हजारपटीपेक्षा अधिक क्षुद्र येते, त्यामुळे तेथे रुंदीची भाषा कोणी बोलत नाही. बेरिलियम-८ चे उलट आहे. त्याची रुंदी सुमारे ५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे त्याच्या आयुष्याचा आकडा, सेकंदाच्या अब्जांशाचा सुमारे एक कोट्यंश, रुंदीवरूनच काढता येतो.

रुंदी प्रत्यक्ष पाहायची तर लोह-५७ कडे जावे. कोबाल्ट-५७ च्या क्षयातून त्याची १४.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची उत्तेजित अवस्था मिळते. ती सरासरी १४१ नॅनोसेकंद टिकते, आणि तिची रुंदी एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अब्जांशाच्या पाचपटीहूनही कमी आहे. घन पदार्थात घट्ट बसलेली अणुकेंद्रे मागे न ढकलली जाता गॅमा किरण सोडतात आणि शोषतात, या रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिणामाचा आधार घेऊन ही रुंदी मोजताना किरणांचा स्रोत शोषकासमोर हळूहळू पुढेमागे हलवतात, म्हणजे वेगानुसार किरणांची ऊर्जा किंचित बदलते. स्रोत आणि शोषक या दोघांच्या रुंदी मिळून आलेखावर सुमारे ०.१९ मिलिमीटर प्रतिसेकंद इतकी किमान रुंदी दिसते. ऊर्जेची रुंदी वेगाच्या एककात लिहिलेली पाहून वाचक बिचकतात, पण या क्षेत्रात तीच रीत आहे. काटेकोरपणे बोलायचे तर लोह-५७ स्वतः स्थिर आहे आणि रुंदी त्याच्या उत्तेजित पातळीची आहे, म्हणून ‘समस्थानिकाची रुंदी’ ही शब्दयोजना मला ढिसाळ वाटते. आलेखावरची रुंदी शिखराच्या निम्म्या उंचीवर, पण पूर्ण मोजतात. या ‘निम्म्या’चा अर्धायुष्यातील ‘अर्ध’शी काही संबंध नाही.

उपप्रश्न : बिस्मथ-२१२ चा क्षय दोन प्रकारांनी होतो. मग ‘अल्फा अर्धायुष्य’ आणि ‘बीटा अर्धायुष्य’ अशी दोन नावे योग्य ठरतील का?

उत्तर : निरीक्षणाच्या दृष्टीने नाही. सुमारे ३६ टक्के अणुकेंद्रे अल्फा कण आणि ६४ टक्के बीटा कण सोडतात, पण केवळ अल्फा मोजले काय किंवा केवळ बीटा मोजले काय, मोजणीचा दर सुमारे ६०.६ मिनिटांतच निम्मा होतो, कारण साठा एकच आहे आणि तो दोन्ही वाटांनी एकाच वेळी रिता होत असतो. विभागणी सांगायची असेल तेथे ‘आंशिक रुंदी’, म्हणजे एकूण रुंदीतला त्या त्या वाटेचा वाटा, म्हणावे. आंशिक रुंदींची बेरीज एकूण रुंदीइतकी होते. आयुष्यांची अशी सरळ बेरीज करता येत नाही.