सेमिनरीच्या दिनक्रमात अभ्यास बसवायचा कसा?

ब्रदर_पहिलं_वर्ष (नागपूर)
कॅथलिक सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, फिलॉसॉफीचं पहिलं वर्ष आहे. ५.३० ला उठायची घंटा, मग ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा. ८.३० ते १२.३० वर्ग. जेवण आणि विश्रांतीनंतर ३ ला बागकाम किंवा साफसफाई, ४ ला खेळ. ५.३० ते ७ अभ्यास. नंतर सायंप्रार्थना, रोझरी, जेवण. ८.४५ ते १० पुन्हा अभ्यास आणि १० ला दिवे बंद. शनिवारी दुपारी पॅरिशला (चर्चच्या स्थानिक विभागात) जायचं ते रविवारी जेवणापर्यंत तिथंच. शाळा मराठी माध्यमाची, इथलं वाचन सगळं इंग्रजीत. कागदावर रोज पावणेतीन तास दिसतात, पण काही पुढे सरकून नाही राहिलं. लॉजिक, लॅटिन, थॉमस अक्वायनस (मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ) आणि वर दोन टर्म पेपर. पहाटे ४ ला उठून वाचलं तर जमेल का?

वाचनालयातला
४ ला उठू नका ब्रदर. १० ते ५.३० म्हणजे साडेसात तास झोप, ती सहावर आणली की ध्यानात डुलक्या आणि तिसऱ्या तासाला वर्गात कोरी नजर. मिळवलेला दीड तास तिथंच जातो.

तुमच्या दोन वेळा सारख्या नाहीत, आणि बहुतेक जण इथेच फसतात. खेळून, आंघोळ करून बसता तो ५.३० चा वेळ सगळ्यात चांगला. कठीण वाचन आणि लेखन तेव्हाच. ४५ मिनिटं एक विषय, ५ मिनिटं उठून फिरणं, ४० मिनिटं दुसरा विषय. तिसरा विषय उघडायचा नाही. रात्री पोट भरलेलं असतं, तेव्हा हाताने करायची कामं घ्या: लॉजिकची सत्यसारणी, वर्गातली टिपणं नीट लिहिणं, पाठांतर. लोक उलटं करतात. संध्याकाळी टिपणं सजवत बसतात आणि रात्री ९ ला अक्वायनस उघडतात.

आणखी एक गळती असते. बसल्यावर पहिली १०-१५ मिनिटं ‘आज काय घेऊ’ यातच जातात. म्हणून उठण्याआधी चिठ्ठीवर उद्याचं पान आणि एक प्रश्न लिहून पुस्तकात ठेवा.

आठवड्याचा हिशेब पावणेतीन गुणिले पाच, म्हणजे पावणेचौदा तास, असा धरू नका. सणाची तयारी, गायनाचा सराव, पाहुणे यात काही संध्याकाळी जाणारच. अकरा धरा.

टर्म पेपर शेवटच्या तारखेपासून उलटा मोजा. शेवटचा आठवडा टायपिंग आणि तळटीपांना, त्याआधीचे दोन लेखनाला, त्याआधीचे दोन वाचनाला, आणि सगळ्यात आधीचा एक विषय लहान करायला. हा पहिला आठवडा कोणीच देत नाही, मग ‘अक्वायनसची ईश्वरकल्पना’ असला डोंगर घेऊन बसतात. त्याच्या ग्रंथातलं एक आर्टिकल (एकाच प्रश्नाची छोटी चर्चा) घ्या, पुरे. उतारा उतरवताना त्याच ओळीत पुस्तक, आवृत्ती, पान लिहायचं. नाहीतर शेवटच्या आठवड्यात पान क्रमांकासाठी कपाटं धुंडाळावी लागतात, आणि नेमकं तेच पुस्तक दुसऱ्याच्या खोलीत असतं.

पूर्वपक्ष
अक्वायनसबद्दल. त्याचा मुख्य ग्रंथ ‘सुम्मा’ नुसता वरून खाली वाचत गेलात तर गोंधळ ठरलेला. प्रत्येक आर्टिकल आक्षेपांनी सुरू होतं, म्हणजे जे मत थॉमसला खोडायचंय ते आधी येतं. मग ‘सेद कोन्त्रा’, म्हणजे उलट बाजूचा आधार. मग ‘रेस्पोन्देओ’, त्याचं स्वतःचं उत्तर. शेवटी एकेका आक्षेपाला प्रत्युत्तर. भारतीय तत्त्वज्ञानाच्या तासाला पूर्वपक्ष आणि सिद्धांत शिकला असाल, तर मांडणी ओळखीची वाटेल.

वाचायचा क्रम: शीर्षकातला प्रश्न, मग थेट रेस्पोन्देओ, मग आक्षेप १ आणि त्याचं उत्तर, आक्षेप २ आणि त्याचं उत्तर. पहिल्या भागातला प्रश्न २, आर्टिकल ३ घ्या, देव आहे हे दाखवणाऱ्या पाच मार्गांचं. आक्षेप दोनच आहेत: जगात वाईट आहे म्हणून देव नाही, आणि सगळ्याचा उलगडा निसर्ग व मानवी बुद्धी-इच्छेतून होतो म्हणून देवाची गरज नाही. सेद कोन्त्राला बायबलमधलं निर्गम ३:१४. परीक्षेत पहिला आक्षेपच ‘थॉमस म्हणतो’ म्हणून लिहिणारे दरवर्षी निघतात. गुण तिथंच जातात.

माध्यमाचं म्हणाल तर, परिच्छेद संपला की समासात एक मराठी वाक्य लिहा, आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल. पण सब्स्टन्स, अ‍ॅक्सिडेंट, अ‍ॅक्ट, पोटेन्सी हे शब्द तसेच ठेवा, कारण उत्तर त्याच शब्दांत लिहायचंय. अशा मजकुराची तासाला चार-पाच पानं झाली तरी गती ठीक आहे.

पानेम_नोस्त्रुम
लॅटिनला सलग तास देऊ नका. नाश्त्यानंतर १० मिनिटं, दुपारी विश्रांतीआधी १०, पॅरिशच्या बसमध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढा. खिशात २० कार्डं, रोज ५ नवी घालायची आणि ५ पक्की झालेली काढायची.

नाम कधीच एकटं पाठ करू नका, षष्ठीसकट करा: रेक्स–रेगिस, लेक्स–लेगिस, नोमेन–नोमिनिस. घोडा या शब्दाचं ‘घोड्या’ झाल्याशिवाय प्रत्यय लागत नाही, तसं लॅटिन नामाचं खरं अंग षष्ठीत दिसतं. हे न केल्यामुळे नामांच्या तिसऱ्या गटात (एकूण पाच गट आहेत) सगळे अडकतात. उदाहरणं पुस्तकाबाहेरची नकोत, प्रभूची प्रार्थना लॅटिनमध्ये पाठ असेलच. ‘पानेम नोस्त्रुम’ द्वितीया, ‘इन चेलिस’ अनेकवचन, ‘नोमेन तूउम’ नपुंसकलिंगी.

ब्रदर_पहिलं_वर्ष (नागपूर)
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. ध्यानाच्या वेळेत ही कार्डं चालतील का? शांतता असते म्हणून विचारतो. आणि शुक्रवारची रात्र पूर्ण रविवारच्या धर्मशिक्षणाच्या तयारीत जाते, तिचं काय करायचं?

वाचनालयातला
चॅपलमध्ये कार्डं नकोत. नियम बाजूला ठेवला तरी त्यात फायदा नाही, कारण एकदा तिथं अभ्यास शिरला की परीक्षेच्या महिन्यात ध्यान उरतच नाही. आणि स्पिरिच्युअल डायरेक्टर फादरना ते पहिल्या आठवड्यात कळतं.

शुक्रवारचं सोपं आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात: अ वर्षात मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. चक्र आगमनकाळापासून (नाताळआधीच्या आठवड्यांपासून) बदलतं. म्हणजे पुढचा उतारा सोमवारीच हातात असतो. सोमवारी रात्री १० मिनिटं वाचून मुलांसाठी एकच मुद्दा ठरवा. बुधवारी १५ मिनिटांत गोष्ट आणि कृती. शुक्रवारी फक्त साहित्य बॅगेत. अर्ध्या तासाच्या तासिकेला ५ मिनिटं उजळणी, १० गोष्ट, १० चित्र किंवा नाट्य, ५ प्रार्थना, याहून जास्त मावत नाही. वही अ, ब, क अशी तीन भागांत ठेवा, थिऑलॉजीला जाल तेव्हा हेच उतारे परत येतील.

पूर्वपक्ष
परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असेल तर आत्ताच एक ठरवून टाका. नागपुरात मार्चअखेरीस दुपारी २ ते ४ कूलरसमोर पुस्तक धरलं की झोप लागतेच. तेव्हा गजर लावून अर्धा तास झोपा, आणि मग उभ्याने, मोठ्याने उत्तरं बोला. तोंडी परीक्षेचे प्रबंधमुद्दे चिठ्ठ्यांवर लिहा, एक उचला, सोबत्याला १० मिनिटं समजावून सांगा. त्याने दोन उलट प्रश्न विचारायचे. मग अदलाबदल. दुपारी चार चिठ्ठ्या झाल्या की खेळाला जा, खेळ बुडवू नका.