पहिलारू कालवड विणार कधी, कसं ओळखायचं?

गोठा_संगमनेर: एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) कालवड आहे, पहिलारू म्हणजे पहिल्यांदाच विणार. रेतनाच्या तारखेपासून आज 277 दिवस. कास बरेच दिवस झाले भरलीय, निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजलंय, कालपासून सोट (चिकट स्राव) लोंबतोय, पण वैरण नेहमीसारखी खातीय. रात्री जागायचं का? शेजारचे काका म्हणतात पाय दिसले की लगेच दोरी लावून ओढ, नाहीतर वासरू गुदमरतं.

दूधवाला_कोल्हापूर: दादा कासेवर जाऊ नका, पहिलारूची कास कधीकधी महिनाभर आधीच भरते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला बोटांनी दाबून बघा, एरवी तिथं दोरीसारखी टणक शीर लागते, ती पार सैल होऊन खड्डा पडला की बहुतेक वेळा एका दिवसात गाय विते. मग कळा सुरू होतात, चारा सोडते, उठबस करते, शेपूट उचलून धरते, थोडं थोडं शेणमूत टाकते. पहिलारूत हे 12 तास पण चालतं. त्या वेळात आत हात घालायचा नाही, गर्भपिशवीचं तोंड उघडत असतं.

माळरान: ओढायचं तर अजिबात नाही हो, तोंड पुरतं उघडायच्या आत ओढलं तर आत फाटतं. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली की घड्याळ बघा. पुढचे दोन पाय, खुरांचे तळवे खाली आणि पायांवर नाक टेकलेलं, असं असेल तर तिला तिची विऊ द्या. तळवे वर दिसले तर बहुतेक मागचे पाय आहेत, किंवा एकच पाय, नुसतं डोकं, नुसती शेपूट, तर एक मिनिट न थांबता डॉक्टर. पाणमोट फुटून तासभर काहीच पुढं सरकलं नाही तरी बोलवाच.

कालवडवाली_ताई: आणि वासरू झाल्यावर जार (वार) पडायची वाट बघत चीक (विल्यानंतरचं पहिलं दूध) अडवू नका, आमच्याकडं अजून करतात असं आणि वासरं हगवणीनं जातात, फार जीव तुटतो. 30 किलोच्या वासराला साधारण 3 लिटर चीक लागतो, तासाभरात पाजायला सुरू करा. वासरू प्यायलं की पिशवी आकसते, जार पडायला मदतच होते. 12 तासांत पडला नाही तर डॉक्टर, जाराला दगड-चप्पल बांधायची नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

गोठा_संगमनेर: आत्ता दाबून बघितलं, डावीकडं मऊ लागतंय, उजवीकडं अजून टणक.

दूधवाला_कोल्हापूर: म्हणजे जवळ आलीय. डॉक्टरांना आत्ताच, उजेड आहे तोवर सांगून ठेवा, जनावरांच्या डॉक्टरी मदतीचा 1962 नंबर पण सेव्ह करा. दावं मोकळं सोडा आणि भिंतीला मागचं अंग टेकवून बसली तर उठवा, वासराला बाहेर यायला जागा राहत नाही.