मदत हवी आहे: १९७७ च्या क्लिप्श ला स्काला हॉर्न स्पीकरचे क्रॉसओव्हर कपॅसिटर बदलायचेत, कुठले घालू?

नमस्कार मंडळी,

इथे ऑडिओची खाज असलेले बरेच जण दिसतात म्हणून थेट विचारतो. मी डॅलसला असतो. मागे इथल्या एका घरातलं सगळं सामान विक्रीला निघालं होतं, तिथून क्लिप्श ला स्कालाची जोडी उचलली, १९७७ ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात वूफर (खालचे सूर), मिड (मधले), ट्विटर (वरचे) तिन्ही हॉर्नमधूनच, म्हणजे कर्ण्यातूनच वाजतात. खाली १५ इंची वूफर प्लायवूडच्या घडीच्या हॉर्नमध्ये, वर के-५५-व्ही ड्रायव्हर लांबलचक के-४०० हॉर्नवर, आणि त्याच्याजवळ छोटासा के-७७ ट्विटर. सेन्सिटिव्हिटी १०४ डीबी, म्हणजे एका वॅटलाच शेजारी दार वाजवतो. मॉडेल १९६३ चं, अर्कान्सातल्या होप गावचं, इथून आय-३० पकडला की सरळ तिथेच जातो. मुळात विन्थ्रॉप रॉकफेलर गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा होता त्याच्या प्रचारात भाषण लांबवर पोचावं म्हणून हा स्पीकर केला असं सांगतात, त्यामुळे रूप अगदी ठोकळा आहे, आणि दिवाणखान्यात ठेवल्यावर घरातून काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तर प्रॉब्लेम असा की उजवा स्पीकर वरच्या सुरांना मंद आहे. डाव्यातून भजनातले टाळ लख्ख येतात, उजव्यातून तेच टाळ गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखे. तानपुऱ्याची जवारीसुद्धा डावीकडे झणझणते आणि उजवीकडे नुसती गुणगुणते. बास आणि आवाज (गाणाऱ्याचा) दोन्हीकडे सारखाच वाटतो.

आतमध्ये टाइप एए नेटवर्क आहे, म्हणजे सूर वाटून प्रत्येक ड्रायव्हरला त्याचे त्याचे पाठवणारा क्रॉसओव्हर. फळीवर पत्र्याचे डबे ठोकलेले, तेल-कागदाचे जुने कपॅसिटर: मिडला १३ मायक्रोफॅरडचा एक, ट्विटरला २ चे दोन, त्या दोघांमध्ये २४५ मायक्रोहेन्रीची कॉइल. वूफरला नुसती अडीच मिलिहेन्रीची कॉइल, कपॅसिटर नाहीच. म्हणजे बाजूला तीन, एकूण सहा डबे. नेटवर बघितलं तर दर दुसरा माणूस म्हणतो सगळे बदला, आणि मग २ मायक्रोफॅरडचा एक नग वीस डॉलरपासून ते स्पीकरच्या किमतीला लाजवेल इथपर्यंत मिळतो. सोल्डरिंग जमतं, सर्किट वाचता येतं, कान बरे आहेत, खिसा बेताचा आहे. बदलू का, आणि बदलले तर साधे पॉलिप्रॉपिलीन घालू की ते पुन्हा तेलवाले भारीतले शोधू? ट्विटरवर दोन झेनर डायोड पण लावलेत कंपनीने, ते ठेवू की काढू हेही कळत नाहीये. जाणकारांनी सांगा प्लीज.

सोल्डरसम्राट:
अभिनंदन भाऊ, जबरी घबाड लागलंय! डोळे मिटून सगळे बदला, एवढ्या वर्षांत कुठलाच कपॅसिटर जागेवर राहत नाही. माझ्याकडे याच कंपनीचे हेरसी आहेत, त्यात मी तांब्याच्या फॉइलचे घातले, पहिल्याच रेकॉर्डला स्टेज (समोर वादक पसरून बसल्याचा भास) एवढं रुंद झालं की काय सांगू. दोनशे तास वाजवा मग मत बनवा. महाग आहेत पण एकदाच घालायचे असतात.

नुसताश्रोता:
स्टेज रुंद झालं की पाकीट अरुंद झालं? :)

तारतम्य:
थांबा हो. बदलायचे तर बदला, पण आधी दोष कुठे आहे ते तर बघा, नाहीतर सहा कपॅसिटर घालून झाल्यावर ट्विटरच मेलाय असं निघायचं. पहिलं म्हणजे अँपच्या वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल करून बघा, दोष दुसऱ्या बाजूला गेला तर स्पीकरचा संबंधच नाही. नाही गेला तर नेटवर्कच्या दोन्ही फळ्याच एकमेकींच्या जागी लावा. जुन्या ला स्कालाचा वरचा कप्पा मागून उघडा असतो, स्क्रूवरच्या वायरी सोडल्या की फळी हातात येते, अर्ध्या तासाचं काम. मंदपणा फळीबरोबर डावीकडे गेला तर नेटवर्क, उजवीकडेच राहिला तर ट्विटर. आणि हे करताना सगळे स्क्रू आणि लग (वायरींच्या टोकाच्या पट्ट्या) साफ करून घट्ट आवळा, जुन्या स्पीकरचे अर्धे आजार तिथेच बरे होतात. आधी फोटो काढा, मिड आणि ट्विटरच्या वायरींची उलटसुलट झाली तर नवीनच दुखणं.

पेठेतला:
मी पुण्यात हॉर्नचे जुने थिएटर स्पीकर हाताळलेत. आपल्याकडे ऑडिओचे म्हणून कपॅसिटर बाहेरून मागवायचे म्हटलं तर कस्टम धरून जीव जातो, तेव्हा एक देशी उपाय सांगतो, हसू नका. पंख्याचा आणि पंपाचा कपॅसिटर. ४४० व्होल्ट एसीचा असतो, आत पॉलिप्रॉपिलीनच, दिवसरात्र मोटर चालवायला बनवलेला. बुधवार पेठेत चहाच्या पैशात मिळतो. पंपाचा १० आणि पंख्याचा ३.१५ पॅरलल लावला की १३.१५ झाला. ट्विटरला ४ चे दोन सिरीजमध्ये लावले की बरोब्बर २. पंख्याचा अडीचचा एकटा लावू नका, तो पंचवीस टक्के जास्त आहे, क्रॉसओव्हर खाली सरकतो आणि त्या बिचाऱ्या के-७७ वर नको तेवढा भार येतो. लावायच्या आधी मीटरवर मोजून दोन्ही बाजूंसाठी सारखे निवडा, दुकानदार वैतागतो पण देतो. दिसायला घाण दिसतं हे मान्य.

सोल्डरसम्राट:
१०४ डीबीच्या हॉर्नला पंख्याचा कपॅसिटर!! देवा.

पेठेतला:
सम्राट, तुमच्या हेरसीच्या जुन्या तेलाच्या डब्यांचं कुळ काय होतं सांगा बघू? तेही मोटरवालेच की. कंपनीने काही राजवाड्यातून आणले नव्हते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. तारतम्य, तुम्ही म्हणालात तसं केलं. अँपच्या वायरी बदलून काही फरक नाही. मग फळ्या बदलल्या आणि मंदपणा फळीबरोबर डावीकडे गेला, म्हणजे ट्विटर ठणठणीत आहे (हुश्श, तो जुना मिळायला त्रास आहे). लग साफ केल्यावर थोडंसं बरं वाटलं पण टाळ अजून गोधडीतच. मग साध्या मल्टिमीटरवर डब्यांची कपॅसिटन्स बघितली तर सगळे २.१ च्या आसपास, १३ वाला १३.४. म्हणजे बरेच आहेत की! आता गोंधळ वाढला.

तारतम्य:
गोंधळ नाही, साध्या मीटरला हे दिसतच नाही. या तेलाच्या डब्यांची कपॅसिटन्स टिकते पण आतला ईएसआर वाढतो, म्हणजे कपॅसिटरच्या पोटात एक रेझिस्टर तयार झाल्यासारखं होतं. त्यासाठी एलसीआर मीटर लागतो, डीई-५००० सारखा, एक पाय सुटा करून १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झला मोजा.

आता हिशोब बघा म्हणजे कुठला डबा महत्त्वाचा ते कळेल. समजा २ च्या डब्यांचा ईएसआर प्रत्येकी २ ओहम झालाय. ट्विटर ८ ओहमचा धरला तर त्याच्या वाटेत ४ ओहम आडवे आले, आठ भागिले बारा, साडेतीन डीबी गेले. मधली कॉइल हिशोब थोडा बिघडवते पण अंदाज हाच. साडेतीन डीबी म्हणजे टाळ मेलेच. आता १३ चा घ्या. मिड जिथे सुरू होतो त्या ४०० हर्ट्झला त्याच्यासमोर साधारण ३० ओहम येतात, कारण के-५५-व्ही सोळाच्या आसपासचा आणि मिडचा आवाज कमी करणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरच्या ३ डीबी खालच्या टॅपवर (वायर जोडायच्या जागेवर) तो दुप्पट दिसतो. तीसच्या समोर एक-दोन ओहम वाढले तरी पाव-अर्धा डीबी, कुणाला ऐकू येतंय. म्हणून पैसे थोडेच असतील तर पहिल्यांदा ट्विटरचे चार बदला, १३ वाल्याची घाई नाही. लोक उलट करतात, मोठा डबा दिसतो म्हणून त्यावरच आधी पैसे उडवतात.

अनिवासी_वायर:
एक गंभीर गोष्ट कुणीच बोललं नाही. अमेरिकेत १९७९ ला पीसीबीवर बंदी आली, त्याच्या आधीच्या तेलाच्या डब्यांमध्ये ते तेल असू शकतं. इथे पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड नव्हे, पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, कॅन्सरशी संबंध असलेलं विषारी तेल. डब्यावर 'नो पीसीबी' असा छाप नसेल तर आहे असंच धरून चाला. डबा फोडू नका, ड्रिल लावू नका, कडेला चिकट ओल दिसली तर हातमोजे घाला आणि पोरांना गॅरेजबाहेर ठेवा. काढलेले कचऱ्यात टाकू नका, तुमच्या काउंटीचं घातक कचऱ्याचं केंद्र असतं तिथे द्या. बंद डबा नुसता जागेवर बसलाय तोवर घाबरायचं कारण नाही.

झेनरचं: ते ट्विटर जळू नये म्हणून आहेत, जास्त व्होल्टेज आलं की कापतात. घरात ऐकण्याच्या आवाजाला ते झोपलेलेच असतात. पोरांच्या पार्टीला हा स्पीकर वापरला जाणार असेल तर हात लावू नका.

धागाकर्ता:
बापरे, पीसीबीचं खरंच माहीत नव्हतं. छाप कुठेच नाही. ओलसुद्धा नाही तेवढं बरं.

ऑफिसातल्या एकाकडे एलसीआर मीटर निघाला. बऱ्या फळीवरचे २ चे डबे अर्ध्या ओहमच्या आत आहेत. वाईट फळीवर एक पावणेतीन ओहम आणि दुसरा दोनच्या जरा खाली. १३ चे दोन्ही ठीकठाक. म्हणजे तारतम्य ताई (ताईच ना?), तुमचा हिशोब तंतोतंत बसला. साधे मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन, २५० व्होल्टवाले, ५ टक्क्यांचे मागवतोय, चारही ट्विटरचे. पेठेतल्या काकांचा उपाय भारतात असतो तर नक्की केला असता, इथे दोघांच्या भावात फार फरक नाही.

आणखी एक. मिड मला जरा ओरडणारा वाटतो, विशेषतः हार्मोनियमला. ऑटोट्रान्सफॉर्मरचा टॅप एक खाली घेतला तर?

सोल्डरसम्राट:
नवीन कपॅसिटर लागल्यावर ट्विटर वर येईल, मग मिड आपोआप मागे गेल्यासारखा वाटेल. आधी ते ऐका. (महागवाले घातले असते तर... जाऊ दे.)

तारतम्य:
ताईच. आणि सम्राट या वेळी बरोबर बोलले. त्यानंतरही ओरडला तर टॅप खाली घ्या, पण नुसती वायर हलवून भागणार नाही. दर टॅपला ३ डीबी कमी होतात आणि १३ च्या डब्याला दिसणारे ओहम दुप्पट होतात, तीसचे साठ. मग क्रॉसओव्हर ४०० वरून २०० ला घसरतो, हॉर्नला तिथे नीट वाजताच येत नाही. टॅप एक खाली तर कपॅसिटर अर्धा, म्हणजे साडेसहाचा. दुसरा मार्ग म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मरला समांतर रेझिस्टर लावून ओहम स्थिर ठेवायचे, पण त्यात वॅट वाया जातात आणि तुमचा अँप ट्यूबचा छोटा असेल तर त्याला ते आवडेलच असं नाही.

धागाकर्ता:
पार्सल आलं, काल रात्री लावले. नवीन नळकांडी जुन्या पट्टीत बसत नव्हती, झिप टायने बांधली, कॉइल होत्या तिथेच ठेवल्या. डावं-उजवं आता सारखं आहे, कुठला वाजतोय ते न सांगता बायकोला ऐकवलं तर तिलाही कुठला कुठला ते सांगता आलं नाही. सुरुवातीला वरचं जरा जास्तच वाटलं, पण मुळात डावीकडे असलेल्या फळीवरचे डबे बरे होते आणि तिकडे फरक अगदी थोडा आहे, म्हणजे मला उजव्याच्या मंदपणाची सवय झाली होती. दोनशे तास वगैरे थांबलो नाही. झेनर ठेवले. काढलेले डबे जाड पिशवीत बंद करून ठेवलेत, केंद्राची वेळ शनिवार सकाळची आहे.

हार्मोनियम मात्र अजून टोचतेच. टॅप खाली घेणार. साडेसहाचा कपॅसिटर मिळत नाहीये, ६.८ चालेल का?

तारतम्य:
चालेल. ३८० च्या आसपास येईल, कानाला कळणार नाही. दोन्ही बाजूंना एकाच मापाचे घाला म्हणजे झालं.