वादळाआधीच दुसऱ्या गावचे वायरमन निघतात म्हणे. आपल्या गल्लीत असं काही जमेल का?

सिंहगडरोडकर
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. दुसरं कुणी तयार होईना म्हणून. मेमधल्या वळवात गल्लीच्या तोंडाशी गुलमोहर आडवा झाला, वायरींसकट. १९ तास अंधार, लिफ्ट बंद, टाकी कोरडी. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचं मशीन लागतं. शेजारच्या सोसायटीत जनरेटर होता, पण डिझेल कुणी भरायचं यावर दोन्ही कमिट्या पार्किंगमध्ये तासभर भांडल्या. शेवटी आजींना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं आणि लेकीकडे पोचवलं.

माझा भाचा फ्लोरिडात एका शहराच्याच मालकीच्या वीज कंपनीत आहे. तिकडे अशा तीसहून जास्त नगर-कंपन्या आहेत. चक्रीवादळ चार दिवसांवर असतानाच त्यांचे फोन सुरू होतात: तुला किती माणसं लागतील, मी किती देऊ. बाहेरच्या राज्यांतल्या गाड्या वादळाच्या वाटेपासून लांब येऊन थांबतात आणि वारा उतरला की आत शिरतात. खर्च ज्याच्याकडे काम, त्याचा. दर आधीच ठरलेला.

मला हे दर आधी ठरवणंच भावलं. आमच्या गल्लीत पाच सोसायट्या आहेत. आपसात असं काही करता येईल का?

निवृत्त_लाइनवाला
सेक्रेटरीसाहेब, भाचा बरोबर सांगतोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यानंतर घाटावरून कोकणात जी पथकं गेली त्यात मी होतो. म्हसळ्याच्या पुढे रस्ताच दिसेना, नुसत्या सुपाऱ्या आणि आंब्याची झाडं. पहिला दिवस करवतीतच गेला.

पण आमचा खरा वेळ कुठे गेला सांगू? नवख्या गावात कुठली लाइन कुठल्या फीडरची, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या कुठल्या मुख्य लाइनवरची, हे कळायला. तिथला एक जनमित्र, म्हणजे महावितरणचा स्थानिक वायरमन, आमच्या गाडीत बसला आणि दुप्पट वेगाने काम व्हायला लागलं. त्याचं स्वतःचं घर उघडं पडलं होतं, पत्रे शेजारच्या वाडीत. तो चार दिवस आमच्याबरोबर हिंडला. बाहेरून कितीही माणसं आणा, गाडीत असा एक वाटाड्या नसेल तर ती चहा पीत बसतात.

दुसरी गोष्ट परमिटची. लाइन बंद केल्याचं कुणी कुणाला सांगायचं, हे एकाच माणसाकडे हवं. दोन पथकांचे दोन साहेब झाले की खांबावरचा माणूस मरतो. आणि लाइन बंद असली तरी आम्ही अर्थिंग लावल्याशिवाय, म्हणजे तारा जमिनीला जोडल्याशिवाय, हात लावत नव्हतो. कारण कुणीतरी घरात जनरेटर लावून तो थेट बोर्डात खुपसलेला असतो. ती वीज उलटी डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, जाते आणि तिथून वर ११ हजार व्होल्ट होऊन निघते.

हिंजवडी_शिफ्ट
वीज गेल्याच्या तक्रारी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, क्लायंट अमेरिकेतले. तिकडे गावांच्या मालकीच्या वीज कंपन्या सुमारे २,०००, शिवाय ग्रामीण सहकारी ९०० च्या आसपास. बऱ्याच इतक्या छोट्या की वायरमन हाताच्या बोटांवर मोजावेत. मोठं वादळ एकट्याने झेपणारच नाही, म्हणून करार सही करून कपाटात तयार.

उलटं उदाहरण पोर्टो रिकोचं, अमेरिकेच्याच अखत्यारीतलं बेट. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं. तिथल्या सरकारी वीज मंडळाने अशी मदत मागायला ऑक्टोबर संपत आणला. तोवर एका छोट्या खासगी कंपनीला दिलेल्या कंत्राटावरून गदारोळ होऊन ते रद्द झालं होतं. काही भागांत वीज यायला जवळपास वर्ष लागलं.

श्रीरामपूरची_लेक
सहकारी वीज आपल्याकडेही होती बरं का. आमच्याकडे मुळा-प्रवरा संस्थाच वीज वाटायची, २०११ मध्ये सगळं महावितरणकडे गेलं. वडील सभासद होते. थकबाकीच्या गोष्टी नकोत, पण लाइट गेली की कुणाच्या दारात उभं राहायचं हे गावाला माहीत असायचं.

गुरुवारचा_बंद
गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तर ग्रुपवर शंभर मेसेज येतात. आणि त्याच गुरुवारी फांद्या छाटायला आलेल्यांना आमच्याच बिल्डिंगमधले लोक ‘सावली जाते’ म्हणून हाकलतात. आधी ते मिटवा, मग फ्लोरिडा.

सिंहगडरोडकर
गुरुवारचा बंद, मान्य. गेल्या वर्षी हाकलणाऱ्यांत मीही होतो. तोच गुलमोहर.

रविवारी पाचही सेक्रेटरींना आमच्या टेरेसवर बोलावलंय. कागदावर सध्या एवढंच: जनरेटर कुणाचा, तासाला किती पैसे, डिझेलची नोंद कुणी ठेवायची, कुठल्या घरात ऑक्सिजन किंवा इन्सुलिनचा फ्रिज आहे, आणि वायरमन आला की डीपी दाखवायला खाली कोण जाणार. लाइनवाले काका, जनरेटरची केबल आजींच्या घरापर्यंत कशी न्यायची?

निवृत्त_लाइनवाला
मशीनपुरती वेगळी केबल, थेट जनरेटरपासून मशीनपर्यंत. घराच्या बोर्डात घालायची नाही. अख्ख्या घराला हवी असेल तर लायसनवाल्या कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या, तोवर नाही. आणि जनरेटर जिन्याखाली ठेवू नका, धूर वर जातो. रविवारी किती वाजता? मी धायरीतच राहतो.