पळायचे बूट, खिसा आणि आपला पाय: अनुभव सांगा

निवडुंग
आज वेताळ टेकडीवरून उतरताना एक कॉलेजचा मुलगा कडेला बसून बूट काढत होता. अंगठ्याचं नख काळंनिळं. लगेच माझे हनुमान टेकडीचे दिवस आठवले. आत्तेभावाचे बूट होते, पायाला मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. चढताना झकास. उतरताना पाय पुढे घसरायचा आणि अंगठा आपटायचा, दर पावलाला.

पहिला पगार झाल्यावर कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी आधी किंमत नाही विचारली. विचारलं, "पळता कुठं, रस्त्यावर का टेकडीवर?" मग मला उभं करून दोन्ही पाय मोजले, कारण बसल्यावर पाय आखडलेला असतो, उभं राहिल्यावर पसरतो. उजवा मोठा निघाला. "मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचा, धाकटा आपोआप नांदतो," असं म्हणाले. मोजे घालायला लावले, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते दाबून पाहिलं आणि चक्क फुटपाथवर पळवलं. महागडा जोड त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला, "तुमचा चवडा रुंद आहे, यात मावणार नाही." शेवटी घेतला तो दुकानातला जवळजवळ सर्वांत स्वस्त जोड होता. त्यानंतर नख गेलं नाही.

तुम्ही कसे निवडलेत? ब्रँडवरून भांडू नका, प्लीज.

रविवारचा_वीर
संध्याकाळी जा बूट घ्यायला!! दिवसभरात पाय सुजतो, पळतानाही सुजतो. सकाळी अकराला छान बसलेला बूट आठव्या किलोमीटरला चावतो. चुका समजून घ्या, बसमध्ये उभा आहे.

गुळपोळी
आमच्याकडे दुकानं १ ते ४ बंद म्हणून संध्याकाळीच जायचो :)

कोथरूड३८
गुळपोळी, हा विनोद आता पेन्शनीत काढा.

टाचदुखी
माझी अडचण उलटी. टाच अरुंद, चवडा रुंद. नंबर वाढवला की टाच सुटते, कमी केला की करंगळी चिरडते. उपाय बुटातच होता. घोट्याजवळ सगळ्यात वर एक जादा भोक असतं ना? नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटी कडी करायची, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी नाडी उजव्या कडीतून, उजवी डाव्या कडीतून ओवून खाली ओढायची आणि गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. खर्च शून्य.

सुमाआजी
ते भोक शोभेला नसतं??

टाचदुखी
नाही हो आजी :D

सुमाआजी
नातवाला दाखवलं. त्याच्या शाळेच्या पांढऱ्या बुटांना ते भोकच नाही. तो म्हणतो नवे घ्या. बघा आता तुम्ही काय केलंत.

बंड्या_कर्वेनगर
सेलमध्ये ऑनलाइन मागवले. यूके ८ म्हणजे ८ असं समजून. आले ते पायात जाईनात. कंपनीगणिक आठ वेगळा असतो भाऊ. आता कागद भिंतीला टेकवून त्यावर टाच भिंतीशी लावून उभा राहतो, लांब बोटाशी पेन्सिलीची खूण, मग सेंटिमीटर मोजतो आणि त्या कंपनीच्या तक्त्यात बघतो. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे.

गुळपोळी
दुसरं बोट लांब असलं की बायकोवर राज्य करतो म्हणतात.

बंड्या_कर्वेनगर
बायकोचंही दुसरंच लांब आहे.

फिजिओताई
पेशंट्सच्या मधल्या वेळात लिहितेय. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून "सपाट पाय, म्हणजे अमुक बूट" हे खूप जण सांगतात. अमेरिकी लष्करात नव्या भरतीवर याचा अभ्यास झाला. तळव्याच्या कमानीनुसार बूट दिले म्हणून दुखापती कमी झाल्या असं काही दिसलं नाही. म्हणून त्यासाठी जादा दोन-तीन हजार मोजू नका. घालून पळल्यावर कुठेही टोचत नाही, घासत नाही, हाच खरा निकष. "वापरून सैल होईल" म्हणणाऱ्या सेल्समनला नमस्कार करून निघा. पहिल्याच दिवशी आरामशीर वाटला पाहिजे. पण टाच रोज सकाळी दुखत असेल तर बूट बदलत बसू नका, दाखवून घ्या.

निवडुंग
ताई, "वापरून सैल होईल" हे लक्ष्मी रोडला चपलांपासून ऐकत आलोय.

इतिहासाचा_पेपर
इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० ला रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. नवे बूट पायाला नीट बसेनात म्हणून. १९६४ ला टोकियोत बूट घालून परत जिंकला.

रविवारचा_वीर
रोमला रस्ते खोदलेले नव्हते.

खडीसाखर
जुन्या बाजारातून, कुंभारवेशीजवळ, एकदम कोरा दिसणारा जोड घेतला होता, किंमत ऐकून नाचलेच. तळजाईला दुसऱ्या फेरीत एक सोल वाटेतच राहिला. गोंद वाळलेला, आतला फोम दगडासारखा. न वापरताही बूट म्हातारा होतो, हे कोणी सांगितलंच नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी चारी बाजूंनी शिवून दिले, पण पळायला नाही, बाजारात जायला. सध्या भाजी आणते त्यात.

कोथरूड३८
मी गेल्या वर्षीचं मॉडेल शोधते. नवं आलं की जुन्याची किंमत उतरते, रंग मात्र पोपटी किंवा तसलाच काहीतरी उरलेला असतो. पहाटे साडेपाचला टेकडीवर रंग कोण बघतंय? आणि बायकांच्या सेक्शनला चिकटून राहू नका, रुंद पायाला पुरुषांचे बरे बसतात. डेकॅथलॉनमध्ये घालून मोकळेपणी पळून बघता येतं, कोणी मागे उभं राहत नाही, मला तेवढंच हवं असतं.

नवखी_चाळिशीत
एक बाळबोध प्रश्न. बदलायचे कधी? नवरा म्हणतो फाटेपर्यंत.

कोथरूड३८
साधारण ५०० ते ८०० किमी सांगतात. वजन, रस्ता, पळण्याची पद्धत यावर ठरतं. मी सोलच्या वरच्या फोमला आडव्या सुरकुत्या पडल्या का बघते. शिवाय नेहमीच्या अंतराला गुडघे कुरकुरायला लागले की समजायचं. नवऱ्याला सांग, बनियन फाटेपर्यंत, बूट नाही.

नवखी_चाळिशीत
वाचून दाखवलं. गप्प आहे.

पौडफाटा
शनिवारी सिंहगड पायथ्यापर्यंत कोणी येणार का? परत येताना पोहे माझ्याकडून.

गुळपोळी
पोह्यांना येतो. पायथ्याला नाही.

बंड्या_कर्वेनगर
विषय सोडून पण महत्त्वाचं: पावसाळ्यात भिजलेले बूट कसे वाळवता? फ्रिजच्या मागे ठेवले तर आईनं घर डोक्यावर घेतलं.

सुमाआजी
आतलं इनसोल काढून वेगळं वाळव. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि पंख्याखाली ठेव. दोन-तीन तासांनी बोळे बदलायचे. शेगडीजवळ अजिबात नाही, गोंद सुटतो.

बंड्या_कर्वेनगर
आजी भारी! कुठला पेपर चांगला?

सुमाआजी
आजोबांचा वाचून झालेला.