मदत हवी आहे: नोफेल टाकलं की डिस्क माउंट व्हायच्या आधीच डेटाबेस सुरू होतोय

मंडळी, लिनक्स सर्व्हरवर डेटाची डिस्क वेगळी आहे, एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडायची, याची यादी असलेली फाइल) यूयूआयडीने (ठरलेल्या ओळख-क्रमांकाने) एंट्री आहे आणि ऑप्शनमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून), कारण ते नसलं आणि डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी (बूट आणि सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट बघतं आणि मग थेट इमर्जन्सी मोड (फक्त दुरुस्तीपुरतं बूट), म्हणजे एसएसएच (दुरून लॉगिन) पण नाही, रिमोट सर्व्हरला हे परवडतच नाही. पण नोफेल असलं की बूट त्या माउंटसाठी थांबतच नाही ना, मग कधीकधी डेटाबेस आधी उठतो आणि रिकाम्या माउंट पॉइंटवर, म्हणजे रूट डिस्कवरच, नवीन फाइली बनवून बसतो, नंतर वरून डिस्क माउंट झाली की त्या झाकल्या जातात. हे फार धोक्याचं वाटतं मला.

माउंट -ए ने (एफएसटॅबमधल्या एंट्री हाताने माउंट करणारी कमांड) एंट्री नीट चालते, त्यामुळे प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

डेटाबेसच्या सर्व्हिसला ओव्हरराइड करून रिक्वायर्स-माउंट्स-फॉर मध्ये (सर्व्हिसला कोणता पाथ माउंट असणं गरजेचं आहे ते सांगणारी सिस्टमडीची सेटिंग) डेटा डिस्कचा पाथ दिला तर नोफेल ठेवूनही सर्व्हिस माउंटसाठी थांबेल ना? आणि डिस्क आलीच नाही तर फक्त डेटाबेस बंद राहून बाकी सर्व्हर वर येईल का? शिवाय अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरला चॅटरने (फाइल-फोल्डरचे गुणधर्म बदलणारी कमांड) इम्युटेबल करून, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही असं करून ठेवणं कसं वाटतं? प्रॉडक्शनवर कुणी वापरलं असेल तर प्लीज सांगा.