लॅब दीड वर्षाचा, वजन ३८ किलो. दिवसातनं किती वेळा आणि किती घालायचं?

रंकाळा_वॉकर
नमस्कार मंडळी, डोक्याचं भजं झालंय म्हणून विचारायलोय. आमचा लॅब्रॅडॉर हाय, नर, दीड वर्षाचा, नाव पैलवान पण घरात सगळे पैल्याच म्हणतात. नसबंदी दिवाळीच्या आसपास झाली. परवा इंजेक्शनला नेला तर काट्यावर ३८ किलो भरला, डॉक्टर म्हणले तिसापर्यंत आणा, आणि लगेच पुढचं कुत्रं आत घेतलं. कसं आणायचं ते विचारायचं राहूनच गेलं.

आता घरातली परिस्थिती ऐका. सकाळी आबा त्याला अर्धा लिटर म्हशीचं दूध पाजतात, तेपण गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं, समोर पिळून घेतलेलं, कारण आबा तरुणपणी तालमीत होते आणि त्यांचं म्हणणं नाव पैलवान ठेवलंय तर खुराकपण पैलवानाचाच पाहिजे (बदाम सध्या मी लपवून ठेवलेत). मी ऑफिसला जायच्या आधी ड्राय फूडचा बाऊल भरून जातो, त्यातलं तो दिवसभर येता जाता खातो. दुपारी आई चपात्या करते त्यातल्या शेवटच्या दोन त्याच्या. संध्याकाळी पोरगी चहाला बसली की बिस्किटं. रविवारी मटण, त्या दिवशीचं तर विचारूच नका.

तर प्रश्न असा की एक जण म्हणतो दिवसातनं एकदाच घाल, रीलमध्ये बघितलं तर तीनदा, पाकिटावर तक्ता हाय पण ते ग्राम सगळं धरून की नुसत्या ड्राय फूडचे तेच कळंना. आणि भूक तर ह्याची मरतच नाही, आत्ता जेवला तरी परत असा बघतोय जसा काय चार दिवस उपाशी ठेवलाय. नेमकं करायचं काय?

शेतावरचा_गडी
एकदाच घाल की मर्दा, कशाला एवढा विचार. आमच्या शेतावर दोन कुत्री हायत, दिवस मावळला की भाकरी आणि वर थोडं कालवण, बास. दिवसभर उसात घुशीमागं पळत असतात, ना गोळी ना डॉक्टर. तुमच्या शहरातल्या कुत्र्यांचे लाडच लै.

कंपाउंडर_काका
मी डॉक्टर नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं सांगायचा हक्क हाय असं समजतो.

@शेतावरचा_गडी तुमची कुत्री दिवसभर पळतात म्हणून खपतंय. पण एकाच वेळी ढीगभर घालणं मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांना धोक्याचं असतंय, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन असल्यांना. पोट फुगतं, त्याला पीळ पडतो, कुत्रं ओकायला बघतंय पण बाहेर काही येत नाही, आणि काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर जातंय. म्हणून मोठ्या कुत्र्याला सकाळ संध्याकाळ असं दोनदा द्यायचं आणि जेवल्या जेवल्या पळवायचं नाही, तासभर तरी पडू दे गप.

@रंकाळा_वॉकर आता तुमच्या पैल्याचा हिशेब. कुत्र्याला किती लागतंय ते कॅलरीत काढतात. वजनाचा ०.७५ घात काढायचा आणि त्याला ७० नं गुणायचं, मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की होतंय. ही झाली नुसतं बसून राहिलं तरी लागणारी गरज. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला साधारण याच्या १.६ पट लागतंय. पण वजन उतरवायचं असलं तर जे वजन पाहिजे त्याचा आकडा घालून सूत्र काढायचं आणि तेवढंच द्यायचं, पटीत जायचंच नाही. ३० किलोला ते ९०० च्या आसपास येतंय. म्हणजे सध्या दिवसाला ९०० कॅलरी, सगळं मिळून, आणि तिसावर येऊन टिकला की १४०० च्या आसपास. कुत्र्याप्रमाणं थोडं मागंपुढं होतंय, ते काट्यावर बघत ठरवायचं.

आता आबांचं दूध घ्या. म्हशीचं अर्धा लिटर म्हणजे ५०० कॅलरी, निम्म्याच्या वर कोटा सकाळी सातलाच संपला. दोन चपात्या दोनशेच्या पुढं. पोरीनं आठ-दहा ग्लुकोजची बिस्किटं चारली तर अजून दोनशे. झाले की नऊशे! ड्राय फूडचा एक दाणा तोंडात जायच्या आधीच पैल्याचं दिवसाचं जेवण झालेलं असतंय आणि तुम्ही अख्खा बाऊल भरून जाताय. घरातला प्रत्येक माणूस आपापल्या परीनं थोडंच घालतोय, बेरीज कुणी करत नाही. आमच्याकडं येणाऱ्या जाड कुत्र्यांतल्या बहुतेकांची हीच ष्टोरी असते.

ड्राय फूड १०० ग्रामला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतंय, पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं असतंय बघा. ३७० धरलं तर ९०० कॅलरी म्हणजे २४० ग्राम, सकाळी १२० आणि संध्याकाळी १२०. किचनचा छोटा वजनकाटा वापरा, वाटीवर जाऊ नका, वाटी प्रत्येकाच्या हातानं वेगळी भरते. पाकिटावरचा तक्ता दिवसभरात दुसरं काहीच घातलं नाही असं धरून असतो. बिस्किट, चपातीचा तुकडा, अंडं जे काय वरचं असंल ते दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचं, म्हणजे पैल्याला ९० कॅलरी, आणि तेवढं ड्राय फूडमधनं कमी करायचं. त्याऐवजी काकडी, गाजर, उकडलेला दुधी द्या, लॅबला काय, चावायला मिळाल्याशी मतलब.

लगेच उद्यापासनं २४० वर आणू नका, आठवडाभरात हळूहळू उतरवा. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास कमी झालं तर बरोबर चाललंय, आठ किलोला चार महिने धरून चाला. पंधरा दिवसांत काटा हललाच नाही किंवा भराभर उतरायला लागला तर डॉक्टरांकडं.

आणि ते बघण्यावर जाऊ नका. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये शोधून काढलंय की लॅबमध्ये साधारण चारातल्या एकात पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. त्याला खरंच भूक लागल्यागत वाटत असणार, पण शरीराला गरज नसते.

अजून एक, आबांना सांगायला उपयोगी पडंल. अमेरिकेत ४८ लॅबवर दोन महिन्यांचे असल्यापासनं मरेपर्यंत अभ्यास झाला, एकाच विणीतल्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. २००२ मध्ये तो छापून आला. कमी खाल्लेली कुत्री साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११ च्या थोडं वर, आणि सांधेदुखीपण त्यांना उशिरा आली. गंमत म्हणजे हा अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीनंच केलेला, कमी घाला म्हणून सांगणारा.

कारवानी_कागल
आमच्याकडं सगळं उलटं हाय राव. कारवानी कुत्री, म्हणजे मुधोळ, २२ किलोची, आणि शेवटच्या बरगड्या दिसतात. गल्लीतली प्रत्येक मावशी थांबून विचारणार, "काय रं, खायला घालतोस का न्हाई मुक्या जनावराला?" आता ही जातच पळणारी, सशामागं सुटायला तयार झालेली, हिच्या अंगावर चरबी चढली तर ती हिची हालत खराब. दोनदा खाते, चिकन-भात आणि ड्राय फूड, हिशेबात.

@रंकाळा_वॉकर बरगड्या तपासायची एक पद्धत हाय, काट्याशिवायची. तुमचा हात पालथा टेबलावर सपाट ठेवा आणि दुसऱ्या हातानं बोटांच्या मागची हाडं चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागल्या तर वजन बरोबर. मूठ वळून उंचवट्यांवर बोट फिरवलं तर जसं लागतंय तसं असंल तर वाळलंय. आणि तळहाताच्या बाजूला जसं मऊ लागतंय तसं लागलं तर... तुमचा पैल्या. वरनं बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, माझ्या मते लॅबवाल्यांनी कंबर हा प्रकार विसरलेलाच हाय.

पिल्लूची_आई
मध्येच घुसते, सॉरी. राजारामपुरीत गाडीखाली सापडलेलं गावठी पिल्लू आणलंय, दोन महिन्यांचं असंल. दूध-चपाती कुस्करून चार वेळा देते पण शी सारखी पातळ होतेय. वेळा कमी करू का दूध?

कंपाउंडर_काका
ताई, वेळा बरोबर हायत, दूध काढा. आईचं दूध तुटलं की पिल्लांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, मग गाईम्हशीच्या दुधानं पोट सुटतंय. तीन महिन्यांपर्यंत चारदा, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढं आयुष्यभर दोनदा. दुधाच्या जागी पिल्लांचं ड्राय फूड कोमट पाण्यात भिजवून द्या, ते सगळ्यात सोपं. घरचंच करायचं असलं तर बिनहाडाचं उकडलेलं चिकन, भात, उकडलेलं अंडं चालंल पण नुसतं मटण-भात किंवा चिकन-भात महिनोन्महिने घालू नका, त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. आणि मनानं कॅल्शियमची बाटली आणून ओतूपण नका, जास्त झालं तरी त्रास, डॉक्टरांना विचारून प्रमाण घ्या. रस्त्यावरचं पिल्लू म्हणजे पोटात जंत असणारच, जंताचं औषध झालंय का? नसलं तर उद्याच न्या. शीमध्ये रक्त दिसलं, ओकायला लागलं किंवा खायचं सोडलं तर उद्याची वाट बघू नका, त्या वयात पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार) असला तर तास मोजावे लागतात. पाणी कायम समोर.

डब्बल_हाड
सगळं ठीक हाय पण रविवारच्या मटणाचं काय ते कुणी बोलंना? कोल्हापुरात राहून कुत्र्याला तांबडा पांढरा नाही म्हणजे अन्याय हाय.

कंपाउंडर_काका
सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्यात या, अन्याय कुणावर झालाय ते दिसंल. तांबडा असो पांढरा असो, दोन्हीत कांदा लसूण, आणि ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलं तरी, वाटलं तरी, मसाल्यातनं गेलं तरी. वर तेलाचा कट, त्यानं स्वादुपिंड सुजतं, कुत्रं पाठ वाकवून ओकत बसतंय. शिजलेली हाडं तर बिलकुल नको, नळी असो का चिकनची तंगडी, शिजल्यावर त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि घशात नाहीतर आतड्यात रुततात. ताटात उरलेली हाडं प्रेमानं बाऊलमध्ये टाकणारी आज्जी प्रत्येक घरात असते.

द्यायचंच असलं तर बिनचरबीचे चार तुकडे आधीच बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकडा. काहीजण अळणीतलं (तिखट घालायच्या आधीचं उकडलेलं) काढून देतात पण बऱ्याच घरात अळणीलापण कांदा-लसूण पडतो, म्हणून वेगळंच पातेलं. आणि द्राक्षं, मनुके, चॉकलेट हे कुणाच्या हातनं जाऊ देऊ नका, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर थोडंसंपण नको.

रंकाळा_वॉकर
काका लै उपकार झाले. सगळं आबांना वाचून दाखवलं. ९०० कॅलरी वगैरे ऐकून म्हणले, असलं काय आमच्या वेळी नव्हतं, दूध बंद म्हणजे पैलवानाचा अपमान. मग मी विचारलं, आबा, तालमीत वजनी गट होता का न्हाई? गटापेक्षा काटा वर गेला तर कुस्ती मिळायची का? लै वेळ गप बसले, मग म्हणले, "कुठल्या गटात उतरवायचाय?" तीस म्हटलं. आता वजनकाटा आबांच्या ताब्यात, सकाळचं माप तेच घालतात, पोरीला दोन बिस्किटं मोजून देतात आणि त्याचे चार-चार तुकडे करायला लावतात. आईवर तर चपातीच्या डब्यापाशी पाळत हाय, घरात जरा तंग वातावरण हाय पण चाललंय. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी आबाच नेतात, मध्ये बसत बसत.

एकच अडचण, दर आठवड्याला वजन करायचं कुठं? बाथरूमच्या काट्यावर हा बसतच नाही, आणि उचलून घेऊन उभा राहायचं म्हणजे माझीच पाठ जायची.

कंपाउंडर_काका
जवळच्या दवाखान्यात विचारा, नुसतं वजन करायला बहुतेक ठिकाणी कुणी नाही म्हणत नाही. एकच काटा धरा आणि वेळपण एकच, सकाळी उपाशीपोटी. दर आठवड्याला जमलं नाही तर पंधरा दिवसांनी करा.

शेतावरचा_गडी
दवाखाना कशाला, मार्केट यार्डात आणा की. आमचा गूळ तिथंच जातोय, वजनाला मोठा काटा हाय आणि ओळखीचा दिवाणजी हाय. तुमच्या पैल्याला उतरून यायचंय ते बरोबर गुळाच्या मोठ्या रव्याइतकं, म्हणजे ढेपेइतकं, तीस किलो. फक्त येताना दोरी आखूड धरा, गुळाच्या ढिगाजवळ लॅब सोडला तर काकांचा सगळा हिशेब तिथंच संपला.